‘नॉर्मंडी’चे भोजनगृह

महासागर ओलांडणाऱ्या भव्य आगबोटींविषयीचे प्रेम अलीकडे पुन्हा उफाळून आलेले दिसते. २०१७ साली अमेरिकेतील सेलम येथील पीबॉडी एसेक्स संग्रहालयात व २०१८ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात या लायनर जहाजांच्या कलेचे मोठे प्रदर्शन भरले होते. जहाजांतील भिंतींचे नक्षीदार तुकडे, आसने, भित्तिपत्रके, धनिक प्रवाशांच्या पेट्या अशा वस्तू तेथे काचेआड मांडल्या गेल्या. चित्रग्रंथही वरचेवर निघत असतात. या सर्वांचा सूर एकच असतो, तो असा की प्रवास करावा तर त्या काळी आणि त्या जहाजांतून. आता उरली आहे ती नुसती ने-आण. हे म्हणणे खोटे नाही, परंतु ते पुरतेपणी खरेही नाही असे आम्हांस वाटते. म्हणूनच या आकर्षणात नेमके काय होते, ते कोणाला लाभले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा विचार करावयाचे येथे योजिले आहे.

जहाजाचे आकर्षण म्हणजे समुद्राचे आकर्षण, अशी एक सर्वसाधारण समजूत असते. ती पारखून पाहण्यासाठी आम्ही एकच दालन घेतो. फ्रेंच लाइन या नावाने प्रसिद्ध असलेल्या कंपनीची ‘नॉर्मंडी’ ही आगबोट २९ मे १९३५ रोजी ल हाव्र बंदरातून न्यूयॉर्कच्या पहिल्या सफरीवर निघाली. तिची लांबी सुमारे १,०२९ फूट होती. तिच्या पहिल्या वर्गाचे भोजनगृह ३०५ फूट लांब, ४६ फूट रुंद व २८ फूट उंच होते आणि त्यात एका वेळी ७०० माणसे जेवावयास बसू शकत. व्हर्सायच्या राजवाड्यातील आरसेमहालापेक्षा हे दालन लांब, असे कंपनी अभिमानाने सांगे. आणि ते खरेच होते. काचकामातील विख्यात कलावंत रने लालीक यांचे उंच दीपस्तंभ त्या दालनात दुतर्फा तेवत असत. हवा यंत्राने थंड केलेली असे. एवढे सगळे होते, पण समुद्राकडे उघडणारी खिडकी मात्र त्या दालनास एकही नव्हती.

अटलांटिक महासागरावरील सर्वांत देखणे दालन, आणि तेथे बसलेल्या माणसास अटलांटिक दिसत नाही! ही गोष्ट नजरचुकीने घडलेली नाही. बॉयलरांचा धूर वर नेणारे मार्ग सामान्यतः जहाजाच्या मधोमध असतात, व त्यामुळे मोठी दालने मध्येच तुटतात. ‘नॉर्मंडी’च्या रचनाकारांनी ते मार्ग दुभागून दोन्ही अंगांनी वर नेले व माथ्यावर धुरांड्यापाशी पुन्हा जोडले, हेतू हा की, दालनांमागून दालने ओलांडीत नजर अडथळ्यावाचून दूरवर जावी. तीन धुरांड्यांपैकी तिसऱ्यातून तर धूर निघतच नसे. बाह्य रूप तोलदार दिसावे म्हणून ते उभारले होते, आणि प्रवाशांच्या कुत्र्यांची सोय त्याच्या आश्रयाने केली होती. यंत्राने दृष्टीच्या सुखासाठी वाट सोडून बाजूस व्हावे, हा हट्ट फ्रेंचांनी धरला आणि तडीस नेला, याचे कौतुक केल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

हे वर्णन वाचताना आमच्या वाचकांस देवालयाचे स्मरण झाल्यास नवल नाही. मंगेशीस किंवा कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेच्या दर्शनास जाणारा मनुष्य बाहेरच्या लख्ख उन्हातून सभामंडपात शिरतो. डोक्यावर हंड्या-झुंबरे असतात, दोन्ही बाजूंस खांब असतात, आणि नजर आपोआप समोरच्या गर्भगृहातील समयांच्या उजेडाकडे ओढली जाते. लांबी, खांबांच्या रांगा, योजलेला प्रकाश आणि शेवटी मूर्ती, ही रचनेची सूत्रे ‘नॉर्मंडी’च्या भोजनगृहातही दिसतात. तेथेही दालनाच्या दूरच्या टोकाशी एक उत्तुंग स्त्रीमूर्ती उभी होती आणि तिचे नाव होते ‘शांती’. सूत्रे सारखी असली तरी हेतूत मोठे अंतर आहे. गर्भगृहाचा अंधार पाहणाऱ्याचे चित्त एका ठिकाणी आणून ठेवतो. या जहाजावरील बंदिस्तपणाचे काम मात्र विस्मरण घडविण्याचे होते. भिंतीपलीकडे थंडगार, अथांग पाणी आहे व आपण ताशी तीस सागरी मैलांच्या वेगाने रात्रीच्या काळोखात लोटले जात आहोत, हे ताटावर बसलेल्याच्या मनात येऊ नये, अशी ती योजना.

या विस्मरणास आम्ही ढोंग म्हणणार नाही. ‘टायटॅनिक’ १९१२ च्या एप्रिलमध्ये बुडाली, त्यास तेव्हा अवघी तेवीस वर्षे झाली होती, आणि प्रवाशांतील कित्येकांस ती बातमी वाचल्याचे आठवत असणार. हिवाळ्यातील अटलांटिक काय असतो हे ज्यांनी अनुभवले आहे ते त्या दालनाच्या भिंतींना नावे ठेवणार नाहीत. भय विसरावयास लावणे हे कलेचे हीन कार्य नव्हे. फक्त ते करताना कला समुद्राचे स्तोत्र गात आहे असे कोणी म्हणू नये, एवढेच आमचे सांगणे.

एक गोष्ट जाता जाता. या जहाजावर पहिल्या वर्गातील मुलांसाठी वेगळे भोजनगृह होते आणि त्याच्या भिंतींवर जाँ द ब्रूनॉफ यांनी आपल्या बाबार नावाच्या हत्तीची चित्रे काढली होती. सबंध जहाजावरील सजावटीत आम्हांस सर्वाधिक निर्व्याज वाटते ती हीच.

आता ‘नॉर्मंडी’ची प्रतिस्पर्धी ‘क्वीन मेरी’ पाहा. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे डिसेंबर १९३० मध्ये तिचे काम सुरू झाले. मंदीच्या तडाख्याने डिसेंबर १९३१ मध्ये ते थांबले, आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ अर्धवट सांगाडा गोदीत उभा राहिला. सरकारने कर्ज दिले, त्यासाठी क्युनार्ड व व्हाइट स्टार या दोन कंपन्यांस एकत्र येणे भाग पाडले, तेव्हा १९३४ मध्ये हातोडे पुन्हा वाजू लागले. २७ मे १९३६ रोजी ती साउदॅम्प्टनहून निघाली. कलेच्या दृष्टीने ती ‘नॉर्मंडी’ची बरोबरी करू शकत नाही, असेच जाणकार सांगत आले आहेत. साम्राज्याच्या नाना मुलखांतील पन्नासहून अधिक जातींची लाकडे तिच्या भिंतींवर चढविली होती. परिणाम समृद्ध, पण कुणाची नाराजी ओढवू नये अशा बेताचा. डंकन ग्रँट या चित्रकाराकडून मोठी चित्रे मुद्दाम करवून घेतली आणि तयार झाल्यावर कंपनीने ती नाकारली. ग्राहक बिथरेल या भीतीने कलावंतास माघारी पाठविण्याची ही रीत तेवढी जुनी होत नाही.

असे असूनही ‘क्वीन मेरी’च्या मुख्य भोजनगृहात एक वस्तू अशी होती की जिच्यापुढे आम्हांस लालीकचे दीपस्तंभ फिके वाटतात. मॅकडॉनल्ड गिल या नकाशाकाराने तेथील भिंतीवर अटलांटिक महासागराचा भलामोठा नकाशा रंगविला होता. एका टोकास इंग्लंड, दुसऱ्यास अमेरिका, आणि मध्ये जहाजाची वाट. त्या वाटेवर काचेचे एक चिमुकले जहाज प्रत्यक्ष प्रवासाबरोबर पुढे सरकत असे. जेवावयास आलेल्या माणसाने मान वर केली की आपण कोठवर आलो ते त्यास दिसे. या दालनातूनही समुद्र दिसत नव्हता. पण येथे त्याला लपविले नव्हते, त्याची आठवण भिंतीवर ठेवली होती. काल येथे होतो, आज येथे आहोत, किनारा अजून दोन बोटे दूर आहे. लायनरवरील प्रवासाचे मर्म या नकाशात पकडले गेले आहे, आणि सौंदर्यात ‘नॉर्मंडी’कडे झुकणारे आमचे पारडे येथे येऊन अडते.

हे मर्म कोणते? तर अंतर हळूहळू तुटत असल्याची जाणीव. मनुष्य एक किनारा सोडतो आणि दुसऱ्यास लागत नाही, अशा मधल्या चार-पाच दिवसांत तो कोठलाच नसतो. येणेकरी तेथे पोहोचत नाहीत, दाराशी कोणी हाक मारीत नाही. घड्याळाचे काटे मात्र मध्यरात्री हलवावे लागतात. पश्चिमेस जाणाऱ्या जहाजावर दिवस थोडा लांबतो आणि ती वाढीव घटका प्रवाशास फुकट मिळते. गाव सोडून परमुलखात स्थायिक होण्यास निघालेल्या माणसास या मधल्या दिवसांचे मोल किती असेल! जुने आयुष्य मागे टाकून नवे अंगावर घेण्यास वेळ लागतो आणि जहाज तेवढा वेळ देत असे.

गंमत अशी की हाच काळ कमी करण्यासाठी कंपन्या जिवाचा आटापिटा करीत होत्या. ‘नॉर्मंडी’ने १९३५ मध्ये वेगाचा मान मिळविला, पुढल्या वर्षी ‘क्वीन मेरी’ने तो हिरावला, १९३७ मध्ये ‘नॉर्मंडी’ने परत घेतला, १९३८ मध्ये ‘क्वीन मेरी’ने पूर्वेकडचा प्रवास ३ दिवस २० तास ४२ मिनिटांत करून तो पुन्हा आपल्याकडे आणला. वेगाच्या जाहिराती लावावयाच्या आणि आळसासाठी डेकवर आरामखुर्च्या मांडावयाच्या! आजमितीस साउदॅम्प्टन-न्यूयॉर्क या मार्गावर नियमित फेऱ्या करणारे लायनर म्हणावे असे जहाज एकच आहे. ते ‘क्वीन मेरी २’, २००४ पासून चालू असलेले. ते हा प्रवास बहुधा सात रात्रींत करते आणि त्यापेक्षा लवकर पोहोचावे अशी कोणाची तक्रार नसते. पूर्वी ज्या दिवसांची काटछाट चाले, तेच दिवस आता पैसे मोजून विकत घेतले जातात.

वास्तुशास्त्रज्ञांनीही या जहाजांवर प्रेम केले. ल कॉर्बुझिए यांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात ‘ॲक्विटानिया’ इत्यादी जहाजांची छायाचित्रे छापून घरे बांधणाऱ्यांस सांगितले की, डोळे असून तुम्हांस दिसत नाही. त्यांचे म्हणणे होते डेक, कठडे, शिड्या, मोकळी लांबलचक मार्गिका यांविषयी. आतल्या दिवाणखान्यांविषयी नव्हे. जहाजाच्या बाहेरील रूपातून नवी वास्तुकला जन्मास येत होती आणि आत मात्र कंपन्या जुन्या राजवाड्यांचे देखावे रचीत होत्या. ‘नॉर्मंडी’ने निदान जुन्या राजांची नक्कल सोडून आपल्या काळाचा राजवाडा बांधला. राजवाड्याचा सोस मात्र तिलाही सुटला नाही.

येथवर आम्ही एका वर्गाच्या सुखाविषयी बोललो. पण या जहाजांचा पाया ज्यांनी भरला ते लोक या दालनांत कधी आलेच नाहीत. पहिल्या महायुद्धापूर्वी अटलांटिकवरील कंपन्यांची खरी मिळकत युरोपातून अमेरिकेस जाणाऱ्या गरीब स्थलांतरितांच्या भाड्यातून होत असे. १९२१ व १९२४ च्या कायद्यांनी अमेरिकेने आपले दार जवळजवळ लोटून घेतले, तेव्हा कंपन्यांचे धाबे दणाणले. मग खालच्या मजल्यांवरील तीच जागा रंगरंगोटी करून शिक्षक, विद्यार्थी, माफक खर्चाचे सहलकरी यांस ‘टूरिस्ट’ या नव्या नावाने देण्यात येऊ लागली. ‘नॉर्मंडी’वर पहिल्या वर्गाचे ८४८ प्रवासी, टूरिस्ट वर्गाचे ६७० आणि तिसऱ्याचे ४५४ अशी सोय होती, पण जागेची वाटणी या आकड्यांच्या प्रमाणात नव्हती. पहिल्या हंगामात जहाजाच्या पिछाडीस भयंकर कंप जाणवे, व त्याचा जाच स्वस्त जागांतील प्रवाशांस अधिक. पुढे पंखे बदलून तो कमी करण्यात आला.

वर्गावर्गांच्या मध्ये दारे असत आणि ती बंद असत. भोजनगृहे वेगळी, डेक वेगळे, जिनेही वेगळे. आमच्या भाषेत यास पंक्तिभेद असा सरळ शब्द आहे. मुंबई-पणजी आगबोटीच्या डेकवर वळकटी पसरून ज्यांनी एके काळी रात्री काढल्या आहेत, त्या वाचकांस वरच्या वर्गाच्या कठड्याकडे खालून पाहणे म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही.

हा कठडा एका छायाचित्राने अजरामर केला आहे. १९०७ साली आल्फ्रेड श्टीग्लित्स हे अमेरिकन छायाचित्रकार ‘कायझर विल्हेल्म दुसरा’ या जहाजाच्या पहिल्या वर्गातून युरोपास चालले होते. तेथील मंडळींचा त्यांना वीट आला. फिरत फिरत ते डेकच्या टोकाशी गेले आणि खाली, स्वस्त वर्गात दाटीवाटीने उभे असलेले लोक त्यांच्या दृष्टीस पडले. ‘द स्टिअरेज’ हे ते चित्र. अमेरिकेत नशीब काढावयास आलेल्या स्थलांतरितांचे चित्र म्हणून ते सर्रास छापले जाते. वास्तविक जहाज अमेरिकेहून परत चालले होते. सारेच तेथे रुजले नाहीत. कोणी परतही निघाले होते. आम्हांस लायनरसंबंधीच्या सर्व कलाकृतींत हे छायाचित्र श्रेष्ठ वाटते, कारण त्यात वरचा डेक आणि खालचा डेक एकाच चौकटीत आहेत, आणि मधला पांढरा फळ्यांचा पूल रिकामा आहे.

आता आमच्या बाजूने पाहू. समुद्रगमनाचा निषेध आमच्या धर्मग्रंथांत आहे हे सर्वश्रुत आहे. बौधायन धर्मसूत्रात ते पातकांत गणले आहे. आणि तेच सूत्र उत्तरेकडील लोकांत समुद्रगमनाचा आचार रूढ असल्याचीही नोंद करते! पुढे कलिवर्ज्यांत हा निषेध अधिक घट्ट झाला. परंतु एकोणिसाव्या शतकात जो वाद माजला त्यात खारे पाणी हा मुख्य मुद्दा राहिलाच नव्हता. प्रश्न होता अन्नाचा: कोणी रांधले, कोणी वाढले, शेजारी कोण बसले. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या तेव्हा त्यांना याच शंकांनी घेरले होते. १८८८ च्या सप्टेंबरात मोहनदास गांधी मुंबईहून ‘क्लाइड’ या जहाजाने विलायतेस गेले. जातीने त्यांस बहिष्कृत केले होते. आत्मकथेत ते सांगतात की काटे-चमचे वापरता येत नव्हते, कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचा धीर होत नव्हता, म्हणून भोजनगृहात जाण्याऐवजी ते बरोबर आणलेल्या मिठाई-फळांवर केबिनमध्येच भागवीत. लायनरच्या वैभवाचे शिखर मानले गेलेले भोजनगृह एका प्रवाशास संकटासारखे वाटले, ही नोंद त्या सर्व चित्रग्रंथांत असावयास हवी होती.

त्या भोजनगृहात वाढप्याचे काम कोण करीत होते? पी अँड ओ सारख्या पूर्वेकडे येणाऱ्या कंपन्यांच्या जहाजांवर बहुधा गोमंतकीय. डेकवरचे खलाशी एका मुलखाचे, बॉयलरपाशी राबणारे दुसऱ्या, आणि मुदपाकखाना, भोजनगृह व केबिनची चाकरी गोव्याच्या तारवटींकडे, अशी वाटणी या कंपन्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालविली. त्यांत बहुसंख्य आमचे ख्रिस्ती बांधव होते. कारण उघड आहे: मांस व मद्य हाताळण्यास त्यांना धर्माची आडकाठी नव्हती, आणि आम्हा हिंदूंस ती होती. ज्या निषेधाने आमचे पूर्वज घरी राहिले, त्याच निषेधाने शेजारच्या घरातील मनुष्य जहाजावर गेला. गोऱ्या नोकरांच्या मानाने अत्यल्प वेतनावर त्याने दुनिया पाहिली, आणि मुंबईच्या धोबीतलावावरील गावच्या कुडीत, म्हणजे तारवटींच्या बिऱ्हाडात, दोन सफरींच्या मधले दिवस काढले. बार्देस व साष्टीतील कित्येक घरे त्या पैशावर उभी राहिली. लायनरच्या आकर्षणाची ही बाजू आमच्या दाराशी आहे, आणि तिच्याविषयी लिहिताना आम्हांस सेलमच्या किंवा लंडनच्या संग्रहालयाची गरज नाही.

‘नॉर्मंडी’चा शेवट थोडक्यात सांगावयाचा तो असा. महायुद्ध पेटले तेव्हा ती न्यूयॉर्क बंदरात अडकली. १९४१ च्या डिसेंबरात अमेरिकेने ती ताब्यात घेऊन तिचे सैन्यवाहू जहाज करण्याचे काम सुरू केले. ९ फेब्रुवारी १९४२ रोजी जोडकामाच्या ठिणग्या तरंगपट्ट्यांच्या ढिगावर पडल्या व आग भडकली. ती विझविण्यासाठी इतके पाणी ओतले गेले की जहाज त्या भाराने कलंडून धक्क्याशीच आडवे झाले. तिचे शरीर ज्यांनी आरेखिले ते व्लादिमीर युर्केविच त्या दिवशी तेथे धावत आले होते. त्यांना आत सोडण्यात आले नाही. ‘क्वीन मेरी’ मात्र वाचली. लाकडी शोभा उतरवून, करडा रंग फासून ती सैनिक नेऊ लागली. १९४३ च्या जुलैत एका फेरीत १६,६८३ माणसे तिच्यावर होती. ज्या जहाजाने एरवी प्रवासी सुमारे दोन हजार न्यावयाचे, त्यावर एवढी! पंक्तिभेद मिटावयास हे निमित्त लागले.

१९५८ च्या ऑक्टोबरात जेट विमाने अटलांटिकवर नियमित उडू लागली आणि त्याच वर्षी जहाजापेक्षा विमानाने जाणारे अधिक झाले. ‘क्वीन मेरी’ने ३१ ऑक्टोबर १९६७ रोजी साउदॅम्प्टन सोडले आणि ९ डिसेंबरला ती कॅलिफोर्नियातील लाँग बीचला लागली; तेथे तिचे बॉयलर काढून पुढे हॉटेल करण्यात आले. भोजनगृहातील तो नकाशा भिंतीवर राहिला आहे. जहाज हलत नाही, तेव्हा काचेच्या जहाजालाही कोठे जावयाचे नाही.

‘नॉर्मंडी’तून आधीच उतरविलेल्या वस्तू वाचल्या, विकल्या गेल्या, आणि झाँ द्यूपा यांनी तिच्या दिवाणखान्यासाठी काचेवर रंगविलेले नौकानयनाच्या इतिहासाचे फलक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. त्यांचे जतन झाले ते योग्यच झाले. परंतु गोव्यातील कित्येक घरांच्या पेट्यांत तारवटींच्या ‘नल्या’, म्हणजे कोणत्या जहाजावर किती दिवस व कोणते काम केले याची नोंदपुस्तके, अजून पडून आहेत. सोबत मेनूची छापील पाने असतील, बंदराबंदरांतून धाडलेली रोमी लिपीतील कोंकणी पत्रे असतील. वाळवी त्यांची वाट पाहत आहे. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या शेजारी अशी पेटी असेल, तर ती उघडून आतील कागद पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयास किंवा पुराभिलेख खात्यास दाखविण्याविषयी त्या घरी सुचवावे. आगबोटीवरचे भोजनगृह मुदपाकखान्याच्या बाजूने कसे दिसत होते, हे त्या कागदांतून कळण्याचा संभव आहे.